इंटरल्युकिन-६ आणि सांध्यांचा आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयएल-६ (इंटरल्युकिन-६) अडवणारं औषध सुरू झालं, की काही आठवड्यांत रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, एकदम खाली आलेला दिसतो. रुग्ण तो कागद घेऊन येतो आणि विचारतो, "म्हणजे आता आजार गेला ना?" या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे पान लिहायला घेतलं. पण ते उत्तर समजायला आधी बरंच काही समजावं लागतं, म्हणून बाकीचे प्रश्नही आले.

शब्दांबद्दल एक खुलासा. इथे 'आमवात' म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. 'झिजेचा संधिवात' म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस. हे दोन वेगळे आजार आहेत आणि आयएल-६ च्या बाबतीत त्यांच्यातला फरक फार महत्त्वाचा ठरतो.

आयएल-६ म्हणजे नेमकं काय?

इंटरल्युकिन-६ हे एक छोटं प्रथिन आहे. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, त्या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात; आयएल-६ त्यांपैकीच एक. संसर्ग झाला, जखम झाली, की पांढऱ्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आणि इतरही अनेक पेशी ते सोडतात. ताप येणं, यकृताने दाहाची प्रथिनं बनवायला लागणं, बी पेशींनी अँटिबॉडी तयार करणं या सगळ्यांमागे त्याचा हात असतो.

याचा शोध कसा लागला?

एकाच प्रथिनाचा शोध अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या नावांनी लागला. कुणी बी पेशींना अँटिबॉडी बनवायला लावणारा घटक शोधत होतं, कुणी यकृताच्या पेशींना चेतवणारा. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये बी पेशींच्या घटकाचा जनुकीय क्रम उलगडला. मग लक्षात आलं, की ही सगळी नावं एकाच रेणूची आहेत, आणि 'इंटरल्युकिन-६' हे नाव रुळलं. लगेच १९८८ मध्ये याच गटाने दाखवलं, की आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं. औषधाचा रस्ता तिथून सुरू झाला.

सांध्यात ते काय बिघडवतं?

सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी सांध्यात ते काही पेशींच्या थराइतकंच जाड असतं. आमवातात त्यात रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते, अस्तर जाड होतं, फुगतं आणि शेजारच्या कूर्चेवर व हाडावर चढू लागतं. या सुजलेल्या अस्तरातल्या पेशी आयएल-६ सतत सोडत राहतात. थोड्या काळासाठी उपयोगी असलेला निरोप इथे थांबतच नाही, आणि खरं दुखणं तेच आहे.

आयएल-६ मुळे अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि आणखी पेशींना आत यायला वाट मिळते. बी पेशी अँटिबॉडी बनवत राहतात. टी पेशींपैकी काही जणी टीएच-१७ या दाह वाढवणाऱ्या प्रकाराकडे वळतात. हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, आरएएनकेएल नावाच्या संकेतामार्फत बळ मिळतं. एक्स-रेमध्ये बोटांच्या सांध्यांजवळ हाडाला कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात, ते या पेशींचं काम.

आणि ते सांध्यापुरतं थांबत नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण रुग्णांच्या बऱ्याच तक्रारींना घरातले लोक 'मनाचे खेळ' म्हणतात. आयएल-६ रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि तिथे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. हेप्सिडिन लोह कोठारात अडकवून ठेवतं, म्हणून लोह शरीरात असूनही हिमोग्लोबिन घसरतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, याचं कारण अनेकदा हे असतं. थकवा आणि अंगातली कणकण यांतही आयएल-६ चा वाटा आहे. हे सगळं खरं आहे, मोजता येण्यासारखं आहे, आणि त्यात रुग्णाची काहीही चूक नाही.

सकाळीच सांधे जास्त का आखडतात?

आमवातात रक्तातलं आयएल-६ रात्रीच्या उत्तरार्धात चढतं आणि पहाटे शिखर गाठतं. उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. याच गोष्टीचा उपयोग करून प्रेडनिसोन या स्टेरॉइडची एक खास गोळी बनवली गेली: रात्री झोपताना घ्यायची, पण औषध काही तासांनी, पहाटेच्या आधी बाहेर पडतं. २००८ मध्ये आलेल्या चाचणीत या गोळीने सकाळची आखड नेहमीच्या सकाळच्या गोळीपेक्षा जास्त कमी केली.

आयएल-६ पेशीला निरोप कसा देतं?

हे थोडं किचकट आहे, पण औषधं समजायला लागेल. पेशीच्या पृष्ठभागावर आयएल-६ चा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं प्रथिन, असतो. आयएल-६ त्याला चिकटलं, की ही जोडी जीपी-१३० नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जोडून घेते आणि मग पेशीच्या आत जेएके-एसटीएटी ही साखळी चालू होते. रिसेप्टर मोजक्याच पेशींवर असतो, मुख्यतः यकृताच्या आणि काही पांढऱ्या पेशींवर. जीपी-१३० मात्र जवळजवळ सगळीकडे असतं.

गंमत अशी, की रिसेप्टरचा एक भाग तुटून रक्तात आणि सांध्यातल्या पाण्यात मोकळा फिरतो. आयएल-६ या मोकळ्या रिसेप्टरला चिकटलं, की ज्या पेशींवर स्वतःचा रिसेप्टर नाही त्याही निरोप ऐकू लागतात. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी अशा मार्गानेच आयएल-६ च्या प्रभावाखाली येतात. या दुसऱ्या मार्गाला ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात आणि रेंगाळणाऱ्या दाहात त्याचा वाटा मोठा मानला जातो.

बायोमार्कर म्हणजे काय? आणि आयएल-६ मोजायचं सोडून सीआरपी का मोजतात?

शरीरात काय चाललंय याची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. आयएल-६ ही अशी खूण आहेच, पण रोजच्या वापराला गैरसोयीची. ते रक्तात फार काळ टिकत नाही, दिवसाच्या वेळेनुसार वर-खाली होतं, आणि नमुना हाताळण्यात उशीर झाला तर आकडा बदलू शकतो. सकाळी सातला घेतलेलं रक्त आणि दुपारी तीनला घेतलेलं रक्त दोन वेगळ्या गोष्टी सांगेल.

सीआरपीचं तसं नाही. ते यकृत बनवतं आणि बनवण्याचा मुख्य हुकूम आयएल-६ कडून येतो. रक्तातून निम्मं सीआरपी निघून जायला साधारण १९ तास लागतात, त्यामुळे आकडा स्थिर राहतो, तपासणी स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहे. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा पाहिलं होतं. तेव्हा आयएल-६ चं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आज आपण सीआरपी मोजतो तेव्हा बऱ्याच अंशी आयएल-६ ची सावली मोजत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीआरपी वाढला म्हणजे आमवात झाला का?

नाही. साध्या तापातही तो वाढतो. उलट सीआरपी नॉर्मल असूनही आमवात असू शकतो. निदान सांधे तपासून, आजाराचा इतिहास ऐकून, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातल्या अँटिबॉडी पाहून होतं.

आयएल-६ वर कोणती औषधं आहेत?

पहिलं आणि सर्वांत जास्त वापरलं गेलेलं औषध म्हणजे टोसिलिझुमॅब. ही प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी आयएल-६ ला नव्हे, तर त्याच्या रिसेप्टरला धरून ठेवते, पेशीवरच्याही आणि मोकळ्याही. जपानमध्ये २००५ मध्ये ती कॅसलमन रोग या दुर्मिळ आजारासाठी मंजूर झाली आणि २००८ मध्ये आमवातासाठी. युरोपात २००९ आणि अमेरिकेत २०१० मध्ये आमवातासाठी मान्यता मिळाली. लहान मुलांमधल्या संधिवाताच्या सिस्टेमिक जेआयए या प्रकारासाठी अमेरिकेत २०११ मध्ये. या मुलांना रोज ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, वाढ खुंटते, आणि आयएल-६ त्यांच्या आजाराच्या अगदी केंद्रस्थानी असतं. या औषधाने ज्या आजारांचं चित्र खरोखर पालटलं त्यात मी हा आजार सर्वांत वर ठेवेन.

सॅरिलुमॅब हे दुसरं औषध, तेही रिसेप्टरवरच काम करतं. अमेरिकेत २०१७ मध्ये आमवातासाठी आणि २०२३ मध्ये पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका या खांदे-नितंब आखडणाऱ्या आजारासाठी ते मंजूर झालं. टोफासिटिनिबसारख्या जेएके रोधक गोळ्या पेशीच्या आत साखळी तोडतात. त्या आयएल-६ बरोबर इतरही अनेक निरोप अडवतात, म्हणून त्यांचा हिशोब वेगळा.

रिसेप्टरऐवजी थेट आयएल-६ ला पकडणारी औषधं आमवातासाठी फारशी का नाहीत?

प्रयत्न झाले. सिरुकुमॅब हे तसं औषध होतं आणि आमवातावर त्याचा गुणही दिसला. पण चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता नाकारली.

औषध सुरू केल्यावर रक्तातलं आयएल-६ उलट वाढलं! औषध काम करत नाही का?

घाबरू नका. हे अपेक्षित आहे. आयएल-६ रक्तातून काढून टाकण्याचं एक महत्त्वाचं साधन म्हणजे त्याचा रिसेप्टरच: प्रथिन चिकटतं, पेशी ते आत ओढून संपवते. टोसिलिझुमॅबने रिसेप्टर झाकल्यावर हा निचरा थांबतो आणि आयएल-६ रक्तात साचतं. साचतं, पण त्याचं म्हणणं ऐकायला कुणी मोकळं नसतं. मोकळ्या रिसेप्टरचं प्रमाणही वाढलेलं दिसतं, कारण अँटिबॉडीला चिकटलेला रिसेप्टर जास्त काळ रक्तात राहतो.

म्हणून या औषधावर असताना आयएल-६ ची तपासणी करून आजाराचा अंदाज बांधू नये. कुणी सुचवली तर कशासाठी, हे जरूर विचारा.

आणि सीआरपी जवळजवळ शून्यावर आला, तर आजार गेला ना?

हाच तो प्रश्न. उत्तर: सीआरपी पाहून सांगता येत नाही.

सीआरपी ही आयएल-६ ची सावली आहे, असं वर म्हटलं. औषध यकृतापर्यंत पोचणारा आयएल-६ चा हुकूमच बंद करतं, त्यामुळे सीआरपी पडणारच, सांध्यात काहीही चाललेलं असो. आकडा खाली आला यावरून औषध रक्तात आहे आणि रिसेप्टर झाकले गेलेत, एवढं कळतं. सांध्याचं अस्तर शांत झालं का, हे त्यातून कळत नाही. आमवाताच्या इतर औषधांवर, उदाहरणार्थ मेथोट्रेक्झेटवर किंवा टीएनएफ हे दुसरं सायटोकाइन अडवणाऱ्या टीएनएफ रोधकांवर, सीआरपीची घट आजाराविषयी बरंच काही सांगते. इथे तीच घट वेगळ्या अर्थाने वाचावी लागते. ज्या साखळीवर घाव घातला, तिच्याच दुसऱ्या टोकाला आपली मोजपट्टी बांधलेली आहे.

आकड्यांत दाखवतो. डीएएस२८ हे आमवाताची तीव्रता मोजणारं सूत्र २८ सांध्यांपैकी दुखणारे किती, सुजलेले किती, रुग्णाला स्वतःला शंभरपैकी किती त्रास वाटतो, आणि ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची आणखी एक तपासणी) किती, या चार गोष्टी एकत्र करतं. सीआरपीसारखाच ईएसआरही आयएल-६ च्या प्रभावाखाली असतो. समजा सहा सांधे दुखतायत, चार सुजलेत, त्रास ५० आणि ईएसआर ४०. डीएएस२८ येतो सुमारे ५.२, म्हणजे तीव्र आजार. आता सांधे तेच, सूज तीच, त्रास तोच, फक्त ईएसआर ४० वरून ५ वर आणा. डीएएस२८ होतो सुमारे ३.८, म्हणजे मध्यम. जवळजवळ दीड अंकाची घट. या मोजपट्टीवर १.२ पेक्षा जास्त घट मोठी समजली जाते. आणि रुग्णाच्या एकाही सांध्यात काडीचाही फरक पडलेला नाही.

याच कारणामुळे मी सीडीएआय हे साधं मोजमाप जास्त विश्वासाचं मानतो. त्यात रक्ताची तपासणीच नाही: दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचा अंदाज आणि डॉक्टरांचा अंदाज यांची सरळ बेरीज. वरच्या उदाहरणात डॉक्टर-रुग्ण दोघांनी दहापैकी पाच दिले, तर सीडीएआय आधीही २० आणि नंतरही २०. टोसिलिझुमॅबच्या रुग्णांमध्ये डीएएस२८ नुसार 'आजार शांत' ठरणाऱ्यांचं प्रमाण सीडीएआयनुसार ठरणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त येतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

म्हणजे या औषधाचा गुण नुसता कागदावरचा आहे?

अजिबात नाही, आणि असा समज होऊ नये म्हणून हे लगेच लिहितो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अडॅक्टा चाचणीत ३२६ रुग्णांना मेथोट्रेक्झेटशिवाय एकतर टोसिलिझुमॅब किंवा अडॅलिमुमॅब हे टीएनएफ रोधक दिलं गेलं. २४ आठवड्यांनी डीएएस२८ ची घट ३.३ विरुद्ध १.८ होती. यातला काही भाग ईएसआरमुळे, हे मान्य. पण दुखणाऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांत निम्म्याने सुधारणा झाल्याशिवाय जी कसोटी पारच होत नाही, त्या एसीआर५० वरही ४७ टक्के विरुद्ध २८ टक्के असा फरक राहिला. ज्यांना मेथोट्रेक्झेट सोसत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. औषध चांगलं आहे. फक्त त्याचा गुण सांध्यावर हात ठेवून तपासायला हवा. शंका असली तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी आणि त्यातला रक्तप्रवाह दिसतो.

सीआरपी दबला, तर संसर्ग झाल्याचं कसं कळणार?

ही बाजू मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. न्यूमोनिया झाला किंवा जखमेत पू झाला तर एरवी सीआरपी उसळतो, ताप चढतो. या औषधावर दोन्ही दबलेले राहू शकतात. निसर्गात याचं उदाहरण आहे: आयएल-६ रिसेप्टरच्या जनुकात जन्मतः दोष असलेली काही मुलं २०१९ मध्ये वर्णन केली गेली. त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होत, आणि सीआरपी मात्र वाढत नसे.

त्यामुळे ताप नाही, सीआरपी नॉर्मल आहे, म्हणून काही नाही, असं धरून चालू नका. धाप, खोकला, लघवीची जळजळ, लाल-गरम त्वचा, एकाच सांध्याला अचानक आलेली जबर सूज, किंवा नुसतं 'आज काहीतरी वेगळंच बरं वाटत नाहीये', यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पुढचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नका.

हे औषध मला लागू पडेल का, हे आधी तपासून सांगता येईल?

अजून खात्रीने नाही, पण त्या दिशेने चांगलं काम झालं आहे. २०२१ मध्ये आलेल्या आर-फोर-आरए चाचणीत टीएनएफ रोधकांचा उपयोग न झालेल्या १६४ रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासला गेला. बी पेशी कमी असलेल्यांमध्ये बी पेशींवरचं रिटुक्सिमॅब कमी चालेल आणि टोसिलिझुमॅब जास्त, असा कयास होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गट पाडले तेव्हा फरक ठोस निघाला नाही. पण ऊतीतल्या आरएनएवरून गट पाडले तेव्हा निघाला: टोसिलिझुमॅबने ६३ टक्के रुग्णांना गुण आला, रिटुक्सिमॅबने ३६ टक्के, आणि मोजमाप होतं सीडीएआय. मला यातली खरी शिकवण अशी वाटते, की औषध निवडायला उपयोगी पडणारी खूण रक्तात नव्हे, तर सुजलेल्या अस्तरात शोधावी लागेल.

दुष्परिणाम कोणते?

संसर्गाबद्दल वर लिहिलंच आहे. औषधापूर्वी दडलेल्या क्षयरोगाची आणि हेपॅटायटिस बीची तपासणी होते आणि जिवंत लसी औषधावर असताना टाळतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, यकृताची एन्झाइम वाढू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासतात. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका कमी पण खरा आहे, विशेषतः मोठ्या आतड्याला डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या छोट्या पिशव्यांना सूज) होऊन गेलेल्यांमध्ये. तसा इतिहास असेल तर सुरुवातीलाच सांगा.

कोलेस्टेरॉल वाढतं आणि लोक धास्तावतात. हृदयाच्या दृष्टीने याचा काय परिणाम होतो हे पाहायला सुमारे ३,००० रुग्णांत टोसिलिझुमॅबची एटानरसेप्ट या टीएनएफ रोधकाशी तुलना केली गेली. हृदयविकार, पक्षाघात यांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. कोलेस्टेरॉल वाढलं तर त्यावर नेहमीप्रमाणे उपचार करायचे.

माझ्या इतर गोळ्यांवर परिणाम होईल का?

होऊ शकतो, आणि हे क्वचितच कुणी सांगतं. दाह असताना आयएल-६ यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा मंद ठेवतं. ते अडवलं, की यंत्रणा पुन्हा वेग घेते आणि काही औषधं लवकर संपू लागतात. आमवाताच्या रुग्णांत टोसिलिझुमॅबच्या एका डोसनंतर आठवड्याने रक्तातलं सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध ५७ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. वॉरफरिन, फिटची काही औषधं, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी मात्रा पुन्हा तपासून घ्यावी.

व्यायामानेही आयएल-६ वाढतं म्हणे. मग व्यायाम बंद करू?

नका करू. आकुंचन पावणारे स्नायू आयएल-६ सोडतात हे खरं, पण ती वाढ थोड्या वेळाची असते आणि तिच्यापाठोपाठ दाह कमी करणारी प्रथिनं वाढतात. दिवसरात्र चालू राहणाऱ्या दाहाशी तिची तुलना होत नाही.

झिजेच्या संधिवातावर हे औषध चालेल का?

झिजलेल्या सांध्यातही थोडा दाह असतो आणि आयएल-६ सापडतं, म्हणून आशा होती. हाताच्या बोटांच्या झिजेवर टोसिलिझुमॅबची चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला, आणि दुखणं कमी करण्यात ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सरस ठरलं नाही. एखादं प्रथिन आजाराच्या जागी सापडणं आणि त्यानेच आजार चालू ठेवणं यांत फरक आहे, तो असा समोर येतो. गुडघ्याच्या झिजेसाठी हे औषध मागू नका.

दुसऱ्या डॉक्टरांकडे, किंवा ऑपरेशनसाठी गेलो तर काय सांगायचं?

औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, आणि हे एक वाक्य: "या औषधामुळे माझा सीआरपी संसर्ग असला तरी वाढेलच असं नाही." शेवटच्या डोसनंतरही काही आठवडे ही परिस्थिती राहते. हे तिन्ही एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, कारण बेशुद्ध असताना किंवा घाईत तुमच्या वतीने ते सांगायला कुणी असेलच असं नाही.